विल्यम बर्ड कसा गावा: बंद दारांमागच्या मिस्सेचा संगीतकार

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका धर्मग्रामाच्या क्वायरला ख्रिस्तशरीराच्या सणाला विल्यम बर्डचं 'आवे वेरुम कॉर्पुस' गायचं आहे. पंचवीसेक जण आहेत, चार आवाजांत गायची सवय आहे, लॅटिन मात्र आजी-आजोबांबरोबर गेलं. इंटरनेटवर ऐकलेली रेकॉर्डिंग्ज मोठमोठ्या कॅथीड्रलांतली आहेत आणि आपल्या चर्चमध्ये तसा परिणाम काही केल्या येत नाही. हा संगीतकार कोण होता आणि त्याचं गाणं कुठून धरायचं, असं विचारलं आहे.

कॅथीड्रलसारखं होत नाही म्हणून खट्टू होऊ नका. हे गीत कॅथीड्रलसाठी रचलेलंच नाही. ते छापलं गेलं 1605 साली, इंग्लंडमध्ये. ज्या मिस्सेसाठी, म्हणजे कॅथलिकांच्या ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेसाठी, ते होतं ती मिस्सा तिथे कायद्याने बंद होती. एखाद्या कॅथलिक जमीनदाराच्या वाड्यात, दारं लावून, मोजक्या माणसांनी ते गायचं होतं. किती जणांनी गावं, किती मोठ्याने, किती संथ, शब्द कसे टाकावेत, अशा बहुतेक प्रश्नांची उत्तरं मला त्या वाड्यात मिळत आली आहेत. तेव्हा आधी माणूस समजून घ्या, मग तालमीकडे वळू.

बर्डचा जन्म 1540 च्या आसपासचा, बहुधा लंडनचा. तो लहानाचा मोठा होईपर्यंत इंग्लंडचा धर्म पुन्हापुन्हा फिरला. आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडला, त्याचा मुलगा एडवर्ड याच्या काळात इंग्रजी उपासना आली, मेरीने लॅटिन मिस्सा परत आणली आणि 1558 साली गादीवर आलेल्या एलिझाबेथने ती पुन्हा घालवली. चर्चमध्ये गाऊन पोट भरणाऱ्यांनी काय करावं? थॉमस टॅलिससारख्या ज्येष्ठ संगीतकाराने चारही राज्यकर्त्यांची चाकरी केली आणि प्रत्येकाला हवं तसं लिहून दिलं. पुढे हा टॅलिसच बर्डचा वडीलधारा सहकारी झाला.

1563 साली बर्ड लिंकन कॅथीड्रलमध्ये ऑर्गनवादक आणि गायक मुलांचा शिक्षक म्हणून लागला. तिथल्या धर्माधिकाऱ्यांना साधी उपासना हवी होती. 1569 मध्ये त्यांनी त्याचा पगार काही काळ रोखला. ऑर्गनवर तो फार नटवं वाजवतो ही तक्रार त्यामागे असावी. (क्वायरवाला आणि कमिटी यांचं भांडण किती जुनं आहे बघा.) 1572 मध्ये राणीच्या चॅपल रॉयलमधला रॉबर्ट पार्सन्स हा गुणी संगीतकार ट्रेंट नदीत बुडून वारला आणि त्याची जागा बर्डला मिळाली. देशातले उत्तम गायक तिथे होते, पगार चांगला होता आणि राणी स्वतः वाजवणारी होती.

1575 साली राणीने टॅलिस आणि बर्ड या दोघांना संगीत छापण्याचा एकवीस वर्षांचा मक्ता दिला. त्यांनी लगोलग लॅटिन गीतांचं पुस्तक काढून तिला अर्पण केलं. राणीच्या राज्याचं ते सतरावं वर्ष होतं, म्हणून दोघांची प्रत्येकी सतरा गीतं. हिशेब नेटका जमला, पण पुस्तक खपलं नाही. दोनच वर्षांनी दोघांनी नुकसान झाल्याचा अर्ज राणीकडे केला.

इथवरची गोष्ट दरबारी कलावंताची. पुढे तिला पीळ पडतो. बर्ड कॅथलिक होता आणि वयाबरोबर अधिकाधिक पक्का होत गेला. 1577 पासून त्याची बायको ज्युलियाना हिचं नाव अँग्लिकन, म्हणजे सरकारमान्य इंग्रजी चर्चच्या उपासनेला गैरहजर राहणाऱ्यांच्या यादीत दिसतं, नंतर त्याचंही. 1581 च्या कायद्याने या गैरहजेरीचा दंड महिन्याला वीस पौंड झाला. साधं कुटुंब धुळीला मिळावं एवढी ही रक्कम. 1585 च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने इंग्लंडमध्ये नुसतं असणं हाच राजद्रोह ठरला. एडमंड कँपियन या जेझुइटाला (येशूसंघाच्या धर्मगुरूला) 1581 मध्ये लंडनला फाशी दिली, तेव्हा त्याच्यावर एक कविता हस्तलिखितातून फिरू लागली. तिच्या पहिल्या कडव्याला बर्डने चाल दिली आणि 1588 मध्ये ती छापलीही. नोकरी अजून राणीकडेच होती.

मराठी वाचकाच्या ओळखीचा एक माणूस याच पिढीतला आहे. ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स हे विल्टशरचे इंग्रज, बर्डपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. ज्या 1575 साली बर्ड राणीला लॅटिन गीतं अर्पण करत होता, त्याच साली स्टीफन्स रोममध्ये येशूसंघात दाखल झाले. 1579 च्या ऑक्टोबरात ते गोव्याला उतरले आणि 1619 मध्ये तिथेच वारले. देश एक, श्रद्धा एक, अडचणही एक. एकाने देश सोडला आणि आपल्या मराठीत ओव्या रचल्या. दुसरा तिथेच राहिला आणि दोन्ही घरी गात राहिला.

दोन्ही घरी म्हणजे खरंच दोन्ही. इंग्रजी उपासनेसाठी त्याने 'ग्रेट सर्व्हिस' नावाची भव्य रचना केली. समोरासमोर बसलेल्या दोन गायकगटांसाठी लिहिलेलं हे राजदरबारी संगीत आहे. सहा आवाजांचं 'सिंग जॉयफुली' 1605 मध्ये, एलिझाबेथनंतर आलेल्या जेम्स राजाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला गायलं गेलं. आणि त्याच 1605 साली 'ग्राडुआलिया' या त्याच्या लॅटिन गीतसंग्रहाचा पहिला भाग छापून आला, ज्यात तुमचं 'आवे वेरुम' आहे. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा. पहिल्यात दालन भरून टाकणारा आवाज, सुरांचा खणखणाट. दुसऱ्यात जवळ बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढंच. कसब दोन्हीकडे तेच आहे, खोली बदलली आहे.

1580 च्या दशकात त्याने जी लॅटिन गीतं लिहिली ती आणखी वेगळी. बंदिवास, उद्ध्वस्त यरुशलेम, 'प्रभू, किती काळ?' असे बायबलमधले उतारे तो निवडून घेई. 'ने इरास्कारिस' या गीताच्या दुसऱ्या भागात यशयाच्या 64 व्या अध्यायातले शब्द आहेत: तुझं पवित्र नगर ओसाड झालं. सगळे आवाज एकमेकांत गुंतलेले असतात आणि 'सियोन ओसाड पडली' या शब्दांवर एकदम एकत्र, हळू, सरळ येतात. 'सियोन' म्हणजे यरुशलेम, पण इथे आपलंच उद्ध्वस्त झालेलं चर्च, हे कॅथलिक माणसाला सांगावं लागत नव्हतं. गंमत अशी की शब्द बायबलचेच असल्याने कुणाला बोट ठेवता येईना. हीच रचना इंग्रजी शब्द घालून अँग्लिकन चर्चांतही गायली जाऊ लागली. ज्यांच्याविरुद्ध ते रडणं होतं त्यांनीच ते उचललं.

1586 च्या उन्हाळ्यात बकिंगहॅमशरमधल्या एका घरात काही कॅथलिक मंडळी आठवडाभर जमली होती. हेन्री गार्नेट आणि रॉबर्ट साउथवेल हे जेझुइट नुकतेच लपून देशात आले होते. तिसरे जेझुइट विल्यम वेस्टन यांनी नंतर आठवणी लिहिल्या. त्यात घरातलं प्रार्थनास्थळ, ऑर्गन, इतर वाद्यं, गाणारे पुरुष आणि स्त्रिया यांचं वर्णन आहे, आणि बर्ड तिथे हजर होता हेही. साउथवेलला 1595 मध्ये फाशी झाली, गार्नेटला 1606 मध्ये. या आठवणींतली स्त्रिया गात होत्या ही बाब तुमच्या सोप्रानो आणि ऑल्टोंना जरूर सांगा. कॅथीड्रलांत वरचे आवाज मुलगे गात. बर्डच्या या संगीतात मात्र घरच्या बायका पहिल्यापासून आहेत. मुलग्यांसारखा कोरा, पांढरा आवाज काढायची धडपड करू नका.

1590 च्या दशकात तो एसेक्समधल्या स्टाँडन मॅसी या गावी राहायला गेला. काही मैलांवर इंगेटस्टोन हॉल हा त्याच्या आश्रयदात्याचा, सर जॉन पेत्रे यांचा वाडा. तिथे कॅथलिक मंडळी गुपचूप मिस्सा करत. त्याच सुमारास त्याने तीन मिस्सा छापल्या: चार, तीन आणि पाच आवाजांसाठी, याच क्रमाने, 1592 ते 1595 च्या दरम्यान. पुस्तिकांना मुखपृष्ठ नाही, साल नाही, मुद्रकाचं नाव नाही. पानांवर फक्त 'डब्ल्यू. बर्ड'. साल कळलं ते अभ्यासकांनी त्यातल्या नक्षीदार आद्याक्षरांच्या लाकडी ठशांची झीज आणि भेगा त्याच मुद्रकाच्या इतर पुस्तकांशी ताडून पाहिल्या तेव्हा. मला यातलं नवल वाटतं ते नाव छापण्याचं. बाकी सगळं लपवलं आणि नाव ठेवलं.

या तीन मिस्सांत कीर्ये, ग्लोरिया, क्रेदो असे नेहमीचे भाग झाले. पण प्रत्येक सणाची आपली वेगळी गीतं असतात: प्रवेशगीत, अर्पणगीत, ख्रिस्तप्रसादाचं गीत. 'ग्राडुआलिया'चे दोन भाग, 1605 आणि 1607, म्हणजे अशा शंभराहून अधिक छोट्या रचना. वर्षभराचे मोठे सण त्यात येतात, आणि एका सणाचे तुकडे दुसऱ्या सणाला जुळवून घेता येतील अशी मांडणी आहे. बहुतेक गीतं दोन-चार मिनिटांची. लपून होणाऱ्या मिस्सेत लांबण कोण लावणार? प्रस्तावनेत तो लिहितो की या पवित्र शब्दांत एक छुपी शक्ती आहे. त्यांच्यावर मन लावून चिंतन करणाऱ्याला योग्य सूर आपोआप सुचतात.

पहिला भाग निघाला त्याच वर्षी नोव्हेंबरात संसद उडवण्याचा कॅथलिक कट उघडा पडला. त्या धामधुमीच्या वर्षात शार्ल द लिन्यी नावाच्या एका फ्रेंच माणसाला बर्डची ही पुस्तकं जवळ सापडली म्हणून लंडनच्या तुरुंगात टाकलं. बर्डला मात्र हात लागला नाही. 1592 मध्येही त्याच्यावरचा खटला राणीच्या हुकमाने थांबला होता. वरचे आश्रयदाते, राणीचं संगीतप्रेम आणि स्वतःचा सावधपणा, तिन्हींनी त्याला तारलं.

त्याला संत मात्र करू नका. मक्ता, भाडेपट्टा, कोर्टकचेऱ्या यांत तो मुरलेला होता. स्टाँडनचं घर एका कॅथलिक कुटुंबाचं, नवरा कटात सापडल्यामुळे सरकारजमा झालेलं. त्या नवऱ्याची विधवा ते परत मिळावं म्हणून वर्षानुवर्षं भांडत राहिली. बर्डने ते सोडलं नाही, आणि 1610 मध्ये तिच्या मृत्यूनंतर विकतच घेतलं. 4 जुलै 1623 रोजी तो वारला. चॅपल रॉयलच्या दप्तरात त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याला 'संगीताचा पिता' म्हटलं आहे. नोकरीवर तो शेवटपर्यंत होता.

आता तालीम.

पंचवीस जणांना एकदम उभं करू नका. एका आवाजाला दोन किंवा तीन, म्हणजे आठ ते बारा जण निवडा. बाकीच्यांचे रुसवे निघतील, त्यांना त्याच मिस्सेतली मराठी गीतं द्या, किंवा दोन संच करून दोघांकडून बसवून घ्या. इतक्या कमी जणांनी गायल्यावर माणूस आपोआप शेजाऱ्याचं ऐकू लागतो, आणि बर्डसाठी तेच लागतं. ऑर्गन किंवा कीबोर्ड तालमीच्या पहिल्या टप्प्यानंतर बंद करा. सूर धरायला सुरुवातीला तानपुरा लावायला माझी हरकत नाही, गाणं सुरू झालं की मात्र तोही नको.

त्या काळी गायकापुढे फक्त स्वतःच्या आवाजाची पुस्तिका असे. चारही आवाज एकाखाली एक छापलेले नसत, मात्रांच्या उभ्या रेघाही नसत. म्हणून एक व्यायाम सांगतो: प्रत्येकाने आपली ओळ कोऱ्या कागदावर रेघांशिवाय उतरवून काढायची आणि तीच बघून गायची. पहिल्यांदा गोंधळ होईल. पण 'प्रत्येक रेघेनंतर ठोका' ही सवय सुटते आणि शब्दाचा जोर वर येतो. लॅटिन आधी गद्यासारखं मोठ्याने वाचा, अर्थ लिहून ठेवा. उच्चार इटालियन वळणाचे ठेवा: क्रूचे, विर्जिने, आणि 'होमिने'तला ह गाळून ओमिने. बर्डच्या मंडळींचा उच्चार बहुधा इंग्रजी वळणाचा होता, पण आपण त्या फंदात पडायचं कारण नाही. मराठी माणसाचे आ, ए, ओ मुळातच स्वच्छ असतात, तिथे आपली अर्धी लढाई जिंकलेली आहे. आपला दोष दुसराच: एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत जायचं. चार आवाजांत ती घेतली की जोड चिखलासारखा होतो.

पहिल्याच ओळीत एक जागा आहे जिथे बहुतेक क्वायर अडखळतात. गीत जी मायनरमध्ये असेल असं धरू. 'आवे' संपताना सोप्रानो एफ शार्प गातात, आणि लगेच 'वेरुम'वर बास साधा एफ घेतात. सारेगमच्या भाषेत, सा म्हणजे जी धरला तर वर शुद्ध निषाद आणि पाठोपाठ खाली कोमल निषाद. खमाज किंवा देस ऐकणाऱ्याला दोन निषाद नवे नाहीत, पण तिथे ते एकाच गळ्यातून, चढताना एक आणि उतरताना दुसरा, असे येतात. इथे दोन वेगळ्या माणसांच्या तोंडून ते एकमेकांवर घासतात. बासवाल्यांना वाटतं आपण चुकलो, मग ते एकतर दबतात किंवा सूर वर ढकलतात. तसं होऊ देऊ नका. फक्त सोप्रानो आणि बास यांना उभं करा, तेवढी जागा पुन्हापुन्हा, हळू गाऊन घ्या, मग मधले आवाज घाला. 'वेरुम' म्हणजे खरंखुरं. ख्रिस्तप्रसादात प्रभूचं खरं शरीर आहे की नाही, हाच तर त्या काळचा मोठा वाद. 'आवे'च्या पाठोपाठ ज्या शब्दावर बर्डने सूर मोडला तो हाच शब्द आहे, आणि मला तो योगायोग वाटत नाही.

पॅलेस्ट्रिनाचं काही तुम्ही गायलं असेल तर फरक कळेल. रोममधल्या त्या समकालीन उस्तादाचं सगळं गुळगुळीत, एकही कोपरा बाहेर नाही. बर्ड मुद्दाम कोपरे ठेवतो. इंग्रजी संगीतात ही घर्षणं जुनी आहेत. त्याने ती नेमक्या शब्दांवर नेऊन ठेवली.

'ओ दुल्चिस, ओ पिए' इथे वरचा आवाज हाक देतो आणि खालचे तिघे ओ देतात. इथे घाई फार होते. 'ओ'च्या आधी श्वासाएवढी जागा सोडा. पुढे 'मिसेरेरे मेई' एकामागून एक आवाजात येतं: ज्याची ओळ सुरू होते त्याने थोडं पुढे यावं, पुढचा आला की मागे सरावं. हा सगळा भाग पुन्हा एकदा येतो, मग आमेन. दुसऱ्यांदा अगदी हळू गायची फॅशन आहे. मला ती आवडत नाही. छापील प्रतींवर मोठ्याने-हळू अशा ज्या खुणा असतात त्या संपादकांच्या आहेत, बर्डने एकही घातलेली नाही. रबराने पुसून टाका आणि शब्दांवर सोडा. गीत एकूण चार मिनिटांच्या आसपास संपलं पाहिजे. पाच-साडेपाच लागत असतील तर तुम्ही रेकॉर्डिंगची नक्कल करत आहात.

पट्टीची चिंता करू नका. टेनर ताणत असतील तर अख्खं गीत एक सूर खाली घ्या. त्या काळी मूळ पट्टीचं बंधन असं नव्हतंच, जमलेल्या गळ्यांना झेपेल तिथे सुरुवात करत. बर्डच्या सगळ्या रचना प्रताधिकारमुक्त आहेत आणि चांगल्या प्रती फुकट मिळतात. दोन-तीन प्रती ताडून बघा, पट्ट्या वेगळ्या असतील, सूर तेच निघतील.

हे बसलं की पुढे लगेच पाच आवाजांकडे जाऊ नका. सोप्रानो कमी असतील तर तीन आवाजांची मिस्सा आहे. दिसायला सोपी, पण कुणालाच लपायला जागा नाही. माझी निवड चार आवाजांच्या मिस्सेतल्या 'आन्युस देई'ची असेल. पहिली विनवणी दोन आवाजांत, दुसरी तीन, तिसरी चारही. शेवटच्या 'दोना नोबिस पाचेम'मध्ये एक आवाज आपला सूर धरून ठेवतो, दुसरा खालून सरकतो, क्षणभर खुपतं आणि मग पहिला खाली उतरतो. हे सतत, एकावर एक. धरून ठेवणाऱ्याने तिथे आवाज सोडायचा नाही, उलट जरा भरायचा, उतरताना सोडायचा. हा एवढा भाग वेगळा काढून महिनाभर प्रत्येक तालमीच्या सुरुवातीला गळा तापवायला म्हणून गा, मग बाकीची मिस्सा उघडा.